मोजक्या वॅटांचा हिशेब

मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे आकड्यांची रास ओतली जाते. ८ कोअर, ३ गिगाहर्ट्झ, ४ नॅनोमीटर, १२ जीबी रॅम, ५० मेगापिक्सेल. आकडे खरे असतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय हे कोणी सांगत नाही, आणि ज्या आकड्याने या सगळ्यांना बांधून ठेवले आहे तो खोक्यावर छापलेलाच नसतो. तो आकडा वॅटचा. हातात धरायची, पंखा नसलेली, काच आणि धातूची ती पातळ पेटी साधारण ३-४ वॅटच उष्णता सतत बाहेर टाकू शकते. त्याहून जास्त झाली की चटका बसू लागतो, आणि चटका बसण्याआधीच प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. बॅटरीचे गणितही आखूडच. ५,००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. सतत ४ वॅट ओढले तर ५ तासही निघायचे नाहीत. घरच्या डेस्कटॉपमधला एकटा प्रोसेसर जोरात चालताना १०० वॅट सहज खातो.

मोबाइल प्रोसेसरची सगळी वाटचाल या टंचाईने घडवली, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. वेगाची हौस संगणकाच्या जगात सगळ्यांनाच होती. विजेची काटकसर मात्र ज्यांना पहिल्या दिवसापासून करावी लागली, त्यांनी अंगी बाणवलेल्या सवयींवरच आज फोन चालतात, आणि आता लॅपटॉप आणि महासंगणकही चालू लागले आहेत.

गोष्टीची सुरुवात फोनपासून होत नाही. १९८०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या केंब्रिजची एकॉर्न कॉम्प्युटर्स ही कंपनी ब्रिटिश शाळांसाठी ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक बनवत होती. पुढच्या यंत्रासाठी बाजारातला एकही प्रोसेसर तिच्या अभियंत्यांच्या पसंतीस उतरेना. त्याच सुमारास अमेरिकेत बर्कलीला डेव्हिड पॅटरसन आणि स्टॅनफर्डला जॉन हेनेसी यांचे गट वेगळाच विचार मांडत होते. प्रोसेसरला शेकडो गुंतागुंतीच्या आज्ञा शिकवू नयेत, थोड्या आणि साध्या आज्ञा द्याव्यात. त्या झटपट पार पडतात आणि सर्किटही लहान राहते. हीच ‘रिस्क’ पद्धत. एकॉर्नच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी अॅरिझोनातल्या एका छोट्या चिप कंपनीला भेट दिली, तिथे मोजकी माणसे बंगलेवजा जागेत प्रोसेसर आखताना पाहिली, आणि हे आपल्यालाही जमेल असे त्यांच्या मनाने घेतले. विल्सन यांनी आज्ञासंच रचला, फर्बर यांनी त्यामागची सर्किटे आखली.

२६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप तयार होऊन केंब्रिजला आली. तिच्यात सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या ३८६ मध्ये २,७५,०००. चिप बोर्डावर बसवली आणि पहिल्याच खेपेला चालली. मग फर्बर यांनी ती किती वीज घेते हे पाहायला मीटर लावला, तर मीटर शून्यावर. चिप मात्र व्यवस्थित काम करत होती. शोध घेतल्यावर कळले की बोर्डातल्या दोषामुळे वीजपुरवठ्याची तार चिपपर्यंत पोचलेलीच नव्हती. शेजारच्या चिपांकडून येणाऱ्या संदेशांच्या पिनांमधून जी थोडी वीज आत झिरपत होती, तेवढ्यावर ती चालली होती. कमी वीज हे त्यांचे मुख्य उद्दिष्ट नव्हते. महागड्या सिरॅमिकऐवजी स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनात चिप बसावी म्हणून तिचा खर्च एका वॅटच्या आत राहायला हवा होता. तो आधी अचूक मोजण्याची साधने हाताशी नव्हती, म्हणून त्यांनी पावलोपावली हात आखडता घेतला आणि खर्च एक दशांश वॅटच्या आसपास येऊन थांबला. स्वस्ताईसाठी केलेली ही काटकसर दहा-बारा वर्षांनी खिशातल्या यंत्राच्या नेमकी कामी आली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात इतकी दूरवर पोचलेली अनपेक्षित देणगी मला तरी दुसरी आठवत नाही.

नोव्हेंबर १९९० मध्ये एकॉर्न, अॅपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी मिळून आर्म ही वेगळी कंपनी काढली. केंब्रिजजवळच्या एका जुन्या कोठारात डझनभर अभियंत्यांनी कामाला सुरुवात केली. अॅपलला आपल्या ‘न्यूटन’ या हातात मावणाऱ्या संगणकासाठी प्रोसेसर हवा होता. न्यूटन १९९३ मध्ये आला आणि फारसा खपला नाही, पण आर्मचे पहिले प्रमुख रॉबिन सॅक्सबी यांनी तोवर खरा मार्ग शोधला होता: स्वतः चिप बनवायचीच नाही, आखणी परवान्याने द्यायची आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक चिपमागे रॉयल्टी घ्यायची. एकमेकांचे कट्टर स्पर्धक त्यामुळे एकाच आखणीचे भाडेकरू झाले. फोनवाल्यांची तक्रार होती की रिस्क पद्धतीत प्रोग्रॅम लांबतो आणि मेमरी महाग पडते. आर्मने ‘थंब’ नावाचा आखूड, १६ बिटांच्या आज्ञांचा संच काढून ती दूर केली. १९९७ च्या नोकिया ६११० मध्ये हा संच समजणारा आर्म७ टीडीएमआय हा गाभा (कोअर) होता. आपल्याकडे बहुतेकांनी पहिला मोबाइल हातात घेतला तेव्हा आर्म त्यात आधीच येऊन बसला होता.

२००७ मध्ये आयफोन आला तेव्हा त्याच्या पोटात सॅमसंगने बनवलेली, ४१२ मेगाहर्ट्झवर चालणारी आर्म११ गाभ्याची चिप होती. पुढच्या वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन क्वालकॉमच्या चिपवर आला. इथून पुढे या क्षेत्रात ठळक घराणी पडतात, आणि नवख्या वाचकाने ती आधी ओळखून घेतली की पुढचा गोंधळ बराच कमी होतो.

क्वालकॉमचे घराणे रेडिओचे. १९८५ मध्ये अर्विन जेकब्स, अँड्र्यू व्हिटर्बी आणि सहकाऱ्यांनी काढलेली ही कंपनी सीडीएमए तंत्रावर वाढली. तिच्यासाठी मोडेम आधी, प्रोसेसर नंतर. टॉवरशी बोलणारा मोडेम, चित्र रंगवणारा जीपीयू, आवाज आणि कॅमेऱ्याचे गणित करणारा डीएसपी हे सगळे एकाच तुकड्यावर बसवायचे आणि फोन बनवणाऱ्याला एकत्र द्यायचे, हा तिचा मार्ग. तैवानच्या मीडियाटेकने त्याच्याही पुढे जाऊन चिपसोबत बोर्डाचा आराखडा आणि तयार सॉफ्टवेअरही दिले. त्यामुळे शेनझेनमधल्या छोट्या कारखान्यालाही थोड्या महिन्यांत फोन काढता येऊ लागला, आणि भारतात दोन सिमचे स्वस्त फोन घरोघरी पोचले त्यामागे ही तयार शिदोरी होती. समीक्षक महागड्या चिपांबद्दल भरभरून लिहितात. मला मात्र मीडियाटेकचे हे काम सामाजिकदृष्ट्या अधिक मोठे वाटते, म्हणून या पुस्तकात त्याला नेहमीपेक्षा जास्त जागा दिली आहे.

अॅपलचे घराणे तिसरे. २००८ मध्ये तिने पी. ए. सेमी ही चिप आखणारी कंपनी विकत घेतली, २०१० मध्ये ए४ आली, आणि २०१३ मध्ये ए७ ही फोनमधली पहिली ६४ बिटांची चिप. ए७ मध्ये कोअर फक्त दोन होते, वेग १.३ गिगाहर्ट्झ. त्याच वर्षीच्या प्रतिस्पर्धी फोनांत चार कोअर आणि २.३ गिगाहर्ट्झ, तरीही एकेका कोअरच्या कामात अॅपलची चिप मागे पडत नव्हती. याचे कारण समजले की निम्मे मोबाइल प्रोसेसरशास्त्र समजते. ट्रान्झिस्टर उघडझाप करताना खर्च होणारी वीज वारंवारितेच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. आणि वारंवारिता चढवायची तर व्होल्टेजही चढवावे लागते. म्हणून जोरात पळणाऱ्या अरुंद कोअरपेक्षा संथ चालणारा, पण एका ठोक्यात अनेक आज्ञा उरकणारा रुंद कोअर कमी विजेत तेवढेच काम देतो. रुंद कोअरला सिलिकॉनची जागा जास्त लागते आणि जागा म्हणजे पैसा. आपल्याच महागड्या फोनसाठी चिप बनवणाऱ्याला तो पैसा परवडतो, चिप विकून पोट भरणाऱ्याला जड जातो.

सॅमसंग स्वतः चिप आखते आणि स्वतःच्या कारखान्यात पाडते. हुआवेची चिप आखणारी शाखा हायसिलिकॉन बरोबरीला आलेली असतानाच अमेरिकी निर्बंधांनी २०२० मध्ये तिला तैवानच्या कारखान्यांपासून तोडले, आणि २०२३ मध्ये ती चीनमध्येच पाडलेली चिप घेऊन परतली.

जे हरले त्यांच्याबद्दलही लिहायला हवे. इंटेलकडे २००६ पर्यंत आर्मवर आधारलेला एक्सस्केल हा विभाग होता. आयफोन येण्याच्या तोंडावर तिने तो विकून टाकला. पुढे आपल्या एक्स८६ घराण्याची अॅटम चिप घेऊन ती फोनच्या बाजारात उतरली, आणि इंटेलची चिप असलेला जगातला पहिला स्मार्टफोन एप्रिल २०१२ मध्ये भारतातच विक्रीला आला: लाव्हा कंपनीचा झोलो एक्स९००. फोन वाईट नव्हता. पण तोवर अॅप, मोडेम, कारखाने, अभियंत्यांच्या सवयी असे सगळे आर्मभोवती जमले होते. २०१६ मध्ये इंटेलने फोनच्या चिपांचा नाद सोडला. चांगली चिप बनवणे आणि चिपच्या भोवतीचे जग बनवणे यांतले अंतर या एका उदाहरणाने जितके कळते तितके दहा आलेखांनी कळत नाही.

आता ट्रान्झिस्टरांकडे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवले होते की ट्रान्झिस्टर लहान केला की त्याचे व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येते, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. तीस वर्षे हा नियम पाळला गेला. २००५ च्या आसपास तो मोडला, कारण व्होल्टेज एका मर्यादेखाली नेले की बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळू लागते. तेव्हापासून चिपवर ट्रान्झिस्टर हवे तेवढे मिळतात, पण सगळे एकदम चालवता येत नाहीत. ज्यांना वीज मुबलक होती त्यांना हा धक्का होता. फोनवाल्यांनी त्यातून नवी रचना काढली. आर्मने २०११ मध्ये ‘बिग-लिटल’ मांडणी जाहीर केली: जड कामाला मोठे कोअर, निरोप तपासणे आणि गाणे वाजवणे यांसाठी लहान. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला कोणी ट्रक काढत नाही, तसेच हे. ८ कोअर म्हणजे दुप्पट वेग, हा जाहिरातींनी रुजवलेला समज इथे गळून पडतो. आठही कोअर एकदम जोरात चालवले तर फोन ते फार वेळ सोसू शकत नाही. क्वालकॉमचा २०१५ चा स्नॅपड्रॅगन ८१० त्याच्या तापण्यासाठी जगभर गाजला.

याच टंचाईतून खास कामाची खास सर्किटे आली. फोटो काढताना काय होते ते पाहा. कॅमेरा उघडताच सेन्सर एकामागून एक फ्रेम वाचू लागतो आणि त्या मेमरीत फिरत्या ठेवतो. बोट बटणाला लागते तेव्हा चित्रे आधीच घेतलेली असतात. गूगलच्या एचडीआर प्लस पद्धतीत अशा अनेक मुद्दाम अंधाऱ्या फ्रेम एकमेकींवर चपखल बसवल्या जातात, हात हलला असेल तिथे सरकवल्या जातात, आणि त्यांची सरासरी काढून अंधारातले कण पुसले जातात. कोट्यवधी पिक्सेलांचे हे गणित सर्वसाधारण कोअरवर केले तर फोन गरम होईल आणि चित्र यायला वेळ लागेल. म्हणून चित्रांच्याच कामासाठी जन्मलेले, इमेज सिग्नल प्रोसेसरसारखे खास सर्किट ते उरकते. फोनचा कॅमेरा सुधारला तो भिंगापेक्षा या भागामुळे जास्त.

रेडिओचा खर्चही तसाच डोळ्याआड. कोकणात एसटीने घाट उतरताना फोनला हात न लावता बॅटरी झरझर का उतरते? टॉवर दूर गेला की फोन मोठ्याने बोलतो, म्हणजे प्रक्षेपणाची वीज वाढवतो, आणि संपर्क तुटला की पुन्हा पुन्हा शोधत राहतो.

हा हिशेब सर्वांत जवळून पाहायचा तर मोबाइल दुरुस्तीच्या टेबलाशी बसावे. कारागीर बोर्ड बाहेर काढतो, बॅटरीच्या जागी डीसी सप्लायच्या तारा लावतो आणि अँपिअरच्या आकड्याकडे बघतो. बटण न दाबताच आकडा चढला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बटण दाबल्यावर थोडा चढून तिथेच अडकला तर प्रोसेसर जागा होतो आहे, पण पुढचे काही त्याला वाचता येत नाही. शॉर्ट शोधायला तो रोझिनचा धूर बोर्डावर सोडतो. पांढरा पातळ थर बसतो, वीज दिली की दोषी कपॅसिटर तापतो आणि तेवढ्याच ठिपक्यावरचा थर वितळून काळा बोर्ड दिसतो. बरेचदा दोष निघतो पॉवर आयसीच्या आसपास. बॅटरीच्या एका व्होल्टेजमधून हा आयसी डझनभर वेगवेगळी व्होल्टेज काढतो आणि क्षणाक्षणाला कमीजास्त करतो. ज्या प्रोसेसरचे नाव खोक्यावर ठळक छापलेले असते तो बहुतेक फोनांत नजरेला पडतच नाही. त्याच्या डोक्यावर रॅमची चिप बसवलेली असते. हॉट एअरने ती उचलून, खालचे गोळे नव्याने बसवून रिबॉलिंग करणारे हात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आहेत आणि तालुक्याच्या गावीही आहेत. या विद्येची पुस्तके मराठीत जवळपास नाहीत.

आणि कारखाना. मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये तैवानमध्ये स्थापन केलेली टीएसएमसी स्वतःची चिप विकत नाही, फक्त इतरांच्या पाडते. जगातल्या बहुतेक महागड्या फोनांचे मेंदू तिथूनच येतात. सर्वांत बारीक रेषा छापायला १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. तो मिळवण्यासाठी नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीच्या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५०,००० या वेगाने सोडतात आणि प्रत्येकावर लेझरचा मारा करतात. हा प्रकाश हवेतच शोषला जातो म्हणून सगळे निर्वातात चालते, आणि भिंगांतूनही तो जात नाही म्हणून आरसे वापरतात. इतके करून जे ‘३ नॅनोमीटर’ म्हणून विकले जाते त्यात शेजारच्या दोन गेटांमधले अंतर ४०-५० नॅनोमीटर असते. ३, ४, ५ ही आता पिढ्यांची नावे आहेत, मापे नाहीत. तरी प्रगती खरी आहे: २०१३ च्या ए७ मध्ये १०० कोटींवर ट्रान्झिस्टर होते, २०२३ च्या ए१७ प्रो मध्ये १,९०० कोटी.

हे सगळे आत्ताच का वाचावे? एक कारण म्हणजे फोनवरच चालणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. ३०० कोटी पॅरामीटरांचे भाषा-मॉडेल प्रत्येकी ४ बिटांत आवळले तरी दीड जीबी होते, आणि शब्दाचा एकेक तुकडा काढताना ते सबंध एकदा मेमरीतून वाचावे लागते. सेकंदाला दहा तुकडे हवे असतील तर दर सेकंदाला १५ जीबी वाचन. गुणाकारापेक्षा ही ने-आण जास्त वीज खाते. न्यूरल प्रोसेसरच्या जाहिरातीत सेकंदाला किती लाख कोटी क्रिया हे छापतात. मेमरीचा रस्ता किती रुंद हे छापत नाहीत. मराठीत बोललेले शब्द परक्या सर्व्हरवर न पाठवता फोनमध्येच समजून घ्यायचे असतील तर खरा अडसर इथे आहे.

दुसरे कारण फोनच्या आयुष्याचे. २०१७ मध्ये उघड झाले की जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग अॅपल सॉफ्टवेअरने उतरवत होती. कारण तांत्रिकदृष्ट्या खरे होते. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो, प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळते आणि फोन बंद पडतो. चूक होती ती गिऱ्हाइकाला न सांगण्याची. कंपनीने माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर उतरवला. आता काही कंपन्या ७ वर्षे अपडेट देण्याचे वचन देतात, आणि युरोपीय संघाने जून २०२५ पासून किमान ५ वर्षांचे बंधन घातले आहे. चिप तेवढी टिकते. गिऱ्हाइकाने काय मागायचे हे त्याला कळले तर फोनही टिकेल.

तिसरे कारण आपल्या देशाचे. इस्रोच्या ‘नाविक’ या दिशादर्शक उपग्रहांचा संदेश पकडायचा तर फोनमध्ये त्या संदेशाच्या वारंवारिता-पट्ट्याचा रिसीव्हर हवा. नुसते अॅप घालून ते होत नाही. २०२० मध्ये क्वालकॉमने काही चिपांत ती सोय केली, आणि मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहाने जगभर रुळलेल्या एल१ पट्ट्यातही संदेश द्यायला सुरुवात केली, म्हणजे फोनवाल्यांचे काम सोपे झाले. पुण्यात सीडॅक या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला तो ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपांवर. आज तीच संस्था महासंगणकासाठी जो प्रोसेसर आखते आहे त्याचा गाभा आर्मचा आहे. २०२० मध्ये जगात पहिला आलेला जपानचा फुगाकू महासंगणकही आर्मच्याच आज्ञासंचावर चालतो. फोनसाठी शिकलेली काटकसर आता वीजबिलाने बेजार झालेल्या मोठ्या यंत्रांना हवी आहे.

हे पुस्तक कोणता फोन घ्यावा हे सांगत नाही. तो सल्ला छापून येईपर्यंत शिळा होतो. बाजारात नवा फोन आला की त्याच्या आकड्यांपैकी कोणता कशाशी बांधलेला आहे, कोणता वाढवल्याने दुसरा कुठे तुटतो, हे वाचकाला स्वतः मांडता यावे एवढ्यासाठी ते लिहिले आहे. त्यामुळे मांडणी कंपन्यांनुसार किंवा वर्षांनुसार न करता विजेच्या वाटेने केली आहे: बॅटरीपासून पॉवर आयसी, तिथून कोअर, मेमरी, पडदा, कॅमेरा आणि रेडिओ. रिस्क-फाइव्ह या बर्कलीहून २०१० मध्ये निघालेल्या खुल्या आज्ञासंचाला शेवटी जागा दिली आहे, कारण मद्रासच्या आयआयटीने त्यावर ‘शक्ती’ प्रोसेसर उभे केले असले तरी फोनच्या मुख्य प्रोसेसरपर्यंत तो अजून पोचायचा आहे. वाचकाला दहावीच्या विज्ञानाइतकी वीज ठाऊक असली की पुरे. दुरुस्तीच्या टेबलावर काम करणाऱ्यांनी पहिली दोन प्रकरणे सोडून थेट पॉवर आयसीपासून वाचायला हरकत नाही. त्यांच्या हाताला जे आधीच माहीत आहे त्याची कारणे त्यांना तिथे सापडतील.